आत्यानं उभा केलेला

१

हळद शिजवायचे दिवस आले की केनवड गावाच्या टोकाचं ते स्लॅबचं घर दुपारभर रिकामं असायचं. सगळे शेतावर. वारा फिरला की शिजत्या हळदीचा कच्चट वास तेवढा घरापर्यंत यायचा. या वर्षी मात्र घरात दोघी होत्या. गोजराबाई, कारण तिचा पाय प्लास्टरमध्ये होता; आणि साधना, कारण गोजराबाईचा पाय प्लास्टरमध्ये होता.

गोजराबाई म्हणजे साधनाच्या वडलांची, जगदेवची, थोरली बहीण. तरुणपणीच सासर सोडून माहेरी आली ती आलीच. साधनाची वेणीफणी तिनं केली, शाळेत तिनं सोडलं, आणि पोरीला वाशीमच्या कॉलेजात घाला म्हणून जगदेवच्या मागं भुणभुण लावली तीही तिनंच. साधनाला हे सगळं मान्य होतं. फक्त ज्या माणसाचे आपल्यावर इतके उपकार आहेत त्यानं जरा कमी बोलावं, एवढंच तिचं म्हणणं होतं.

बी.एस्सी. होऊन घरी बसलेल्या साधनाला एक काम मिळू घातलं होतं. 'राखण' नावाचा पत्त्यांचा नवा खेळ काढणाऱ्या एका कंपनीला शाळा-कॉलेजांत फिरून तो शिकवणारी माणसं हवी होती. अट अशी की हा खेळ कधी न पाहिलेल्या माणसाला तो शिकवायचा, त्याच्याशी अख्खा डाव खेळायचा आणि व्हिडिओ पाठवायचा. निवड झाली तर लगेच अमरावतीला रुजू व्हायचं.

"मंग तुह्या आत्याले कोन पाह्यन?" जगदेवनं सकाळी डबा उचलता उचलता विचारलं. "दिवसभर घरात एकटी टाकू का तिले? प्लास्टर निघेलोक थांबा म्हना त्यायले."

"कंपनी म्हणजे काय आपली हळद आहे का, बाबा, अंगणात वाळत पडायला?"

"लय बोलतं तू," जगदेव म्हणाला आणि गेला.

बोलून साधनाचं समाधान झालं नाही, कारण वडलांचं चुकत नव्हतं. घर वस्तीपासून तुटलेलं, पुढच्या दाराची कडी ढिली, आणि आतल्या बाजेवर न उठता येणारी बाई. तिला तसं टाकून जाता येईल का, हाच खरा प्रश्न होता. बाकी सगळं जमण्यासारखं होतं.

२

"हे बघ आत्या. ही तुझी गड्डी, ही माझी. पत्ते बंद पाकिटात मिळतात. आत काय निघेल ते फोडल्याशिवाय कळत नाही. चकचकीत पत्ता निघाला तर पोरं त्याच्या बदल्यात मूठभर साधे पत्ते देतात."

"म्हंजे पोतं न उघडता हळद घेतल्यासारखं. कोन घेते असं?"

"सगळे घेतात. ऐक आता. आपली पाळी आली की वरचा एक पत्ता घ्यायचा. पाळीला एकच धान्याचा पत्ता खाली ठेवता येतो. धान्य साठलं की त्यावर राखणदार बोलवायचा. दोघींची पाच-पाच घरं. राखणदारानं हल्ला अडवला नाही तर घर पडतं. ज्याची सगळी घरं पडली तो हरला."

गोजराबाईनं पहिला राखणदार बोलावला. खांद्यावर घोंगडी, हातात भाला असं चित्र होतं. तिनं तो दोन बोटांनी धरून उजेडात पाहिला. "नाकीडोळी नीट हाय गडी."

"ज्या पाळीला आला त्या पाळीला त्याला लढायला पाठवता येत नाही."

"हे बराबर हाय. आल्या आल्या मानसाले कामाले जुंपू नाही. पानी तं पिऊ दे त्याले. हा नियम एखाद्या शहान्या बाईनं केला असन."

साधनाला हसू आलं, ते तिनं दाबलं. हसलं की आत्या भलतीकडे वळते हे तिला ठाऊक होतं. "पुढच्या पाळीला पाठवायचा. पाठवला की पत्ता असा आडवा करायचा. आडवा असेपर्यंत तो राखण करत नाही. आपली पाळी परत आली की सगळे पुन्हा उभे."

गोजराबाईनं उत्साहाच्या भरात आपले सगळेच राखणदार लढाईला धाडले आणि आडवे करून बसली. साधना याचीच वाट पाहत होती.

"आता मी हल्ला करते. करायच्या आधी मोठ्यानं विचारायचं, 'वेशीवर कोण?' तू उभ्या राखणदाराचं नाव सांगायचं. तुझे सगळे आडवे आहेत, म्हणून तू म्हणायचं, 'कोणी नाही.' इथं खोटं बोललं तर डाव गेला. म्हणू का? वेशीवर कोण?"

"हाय," गोजराबाई म्हणाली.

"कुठं आहे? सगळे आडवे पडलेत तुझे."

"हाय म्हटलं ना."

"आत्या, नियम आहे हा."

"असन नियम. घरात बसून वेशीवर कोनी नाही म्हनू नाही. पीठ सरलं तं आपन सरलं म्हनतो का? वाढलं म्हनतो. बांगडी फुटली तं फुटली म्हनतो का? अन् दारात कोनी नाही, असं भरल्या दुपारी वरडून सांगू का मी साऱ्यायले?"

साधना तडकली. याच गोष्टीचा तिला वीट आला होता. जे आहे ते आहे म्हणून सांगायला या लोकांची जीभ रेटतच नाही. "बरं, आहे ना? मग कोण आहे? नाव सांग."

"नावगाव मले काय माहीत? हाय कोनीतरी. लंबाचवडा गडी हाय. दाराले टेकून उभा हाय." गोजराबाई उशीला रेलली आणि स्वतःच्याच बोलण्यावर खुदखुदली.

साधनानं मोबाईलचं रेकॉर्डिंग बंद केलं. खोली एकदम शांत झाली. बाहेर ओसरीवर काहीतरी भिंतीला घासल्याचा आवाज आला. जड अंगानं एका पायावरचा भार दुसऱ्यावर घेतला की पाठ घासते तसा.

"कोण आहे?" तिनं जाऊन पाहिलं. ओसरी रिकामी होती.

३

आधी लक्षात आलं ते कोंबड्यांमुळे.

उन्हं चढली की कोंबड्या पायऱ्या चढून ओसरीवर यायच्या आणि दाराशेजारच्या सावलीत पिसं फुगवून बसायच्या. त्यांना हाकलणं हे साधनाचं रोजचं काम. आता त्यांनी ती जागा सोडली होती. पायरीवरून त्या वर यायच्या, दाराच्या उजव्या बाजूला पोचण्याआधीच वळसा घ्यायच्या आणि पलीकडच्या टोकाला उन्हात जाऊन बसायच्या. उन्हात, चोची उघड्या टाकून. एकही चुकून त्या कोपऱ्यात जात नव्हती.

साप असेल. साधनानं कोपरा काठीनं ठोकला. फरशी अखंड, भिंत अखंड. वास असेल काही. तिनं बादलीभर पाण्यात फिनेल टाकून कोपरा धुतला. दुपारी कोंबड्या पुन्हा वळसा घालून गेल्या.

तिला आता चीड आली. सायन्सच्या पोरीला कोंबड्यांनी कोड्यात टाकावं म्हणजे काय? तिनं मूठभर ज्वारी घेतली आणि नेमकी त्या जागेवर फेकली. सगळ्या धावत आल्या, आणि जणू आखलेल्या रेघेवर थांबल्या. माना लांब करून दाण्यांकडे पाहत राहिल्या. मग एकीनं मान हळूहळू वर उचलली, वर, आणखी वर, आणि तशीच मागं सरली.

ज्वारी तिथंच पडून राहिली. साधनाला ती झाडायला जावंसं वाटेना. ऊन उतरल्यावर ती गेली, आणि खाली वाकण्याआधी तिला भिंत दिसली. दिवाळीत मारलेला चुना एका ठिकाणी घासून गुळगुळीत झाला होता. रोज कोणी खांदे टेकवले तर होतो तसा. तिनं हात उंच केला. हात पोचला नाही. टाचा उचलल्या, तरी पोचला नाही.

शिडी टेकवली असेल बाबांनी. ओसरीवर पत्रे चढवताना. नाहीतर पोती. असंच काहीतरी असेल. ती आत आली तेव्हा गोजराबाई बाजेवरून तिच्याकडेच पाहत होती.

"काय व, काय शोधून राह्यली?"

"काही नाही."

"पुन्हा तेच. काही नाही, कोनी नाही," गोजराबाई म्हणाली. "चांगलं बोलत जाय जरा."

४

व्हिडिओ काही होईना. प्रत्येक डावात ती वेळ येई, साधना विचारी, "वेशीवर कोण?" आणि गोजराबाई न चुकता म्हणे, "हाय." खेळ तिला आता पाठ झाला होता. कोणता राखणदार केव्हा बोलवावा, धान्य केव्हा धरून ठेवावं हे ती बरोबर ओळखायची. ते दोन शब्द तेवढे तिच्या तोंडून निघत नव्हते. आणि दर वेळी ती "हाय" म्हणाली की ओसरीवर ते घासणं ऐकू यायचं. हाक मारल्यावर माणूस सरळ उभा राहतो तसं.

एके दुपारी आत्याचा डोळा लागलेला असताना साधनाच्या मनात आलं, व्हिडिओत त्या ठिकाणी आत्याचा आवाज आपणच भरावा. कंपनीला काय कळतंय? तिनं मोबाईल हातात धरला, आत्याच्या घोगऱ्या सुरात घसा साफ केला, आणि का कोण जाणे, उघड्या दाराकडे तोंड करून बोलली.

"कोणी नाही. वेशीवर कोणीच नाही."

काही झालं नाही. घासल्याचा आवाज आला नाही. थोड्या वेळानं ओसरीवर पंखांची फडफड झाली. साधनानं डोकावलं. कोंबड्या दाराच्या उजव्या कोपऱ्यात, सावलीत, एकमेकींना चिकटून बसल्या होत्या. पडून राहिलेले ज्वारीचे दाणे टिपत होत्या.

बघा, ती मनात म्हणाली. संपलं. तिला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. पण घर उगाच मोठं वाटू लागलं. दारातून येणारा उजेड जास्त आत आल्यासारखा. आत्याच्या बाजेपर्यंत.

मोटारसायकल आली ती दुसऱ्या दिवशी. गाडीवर दोघं होते. एकजण गाडीवरच बसून राहिला आणि रस्त्याकडे पाहू लागला. दुसरा हातात पावडरचा डबा घेऊन आला. कोंबड्या उडाल्या.

"ताई, भांडे, चांदी, सोनं, सारं उजळून देतो. एकदम फ्री. स्कीम हाय."

"नको आम्हाला."

"पाहून तं घ्या. आजीच्या गळ्यातली पोत काळी पडली ना." त्याला खिडकीतून बाज दिसत होती. बाजेवरचा पांढरा पायही दिसत होता. "आजी, या ना बाहेर."

"तिला येता येत नाही," साधना म्हणाली, आणि म्हटल्याक्षणी आपण काय बोललो ते तिला कळलं.

तो हसला. एक पायरी चढला. मग दुसरी. सहज विचारल्यासारखा आवाज काढून त्यानं विचारलं, "घरी मानूस कोनी नाही काय?" आणि हात दाराच्या फळीवर ठेवला. ढिली कडी वाजली.

ओरडलं तरी वस्तीपर्यंत ऐकू जाणार नव्हतं. शेत त्याहून लांब. साधनाला कॉलेजमधले स्वसंरक्षणाचे सगळे धडे आठवत होते, आणि त्यातला एकही हातापायात उतरत नव्हता. आतून आत्याचा श्वास ऐकू येत होता, आखूड, भेदरलेला. या बाईला साधनानं आयुष्यात कधी घाबरलेलं ऐकलं नव्हतं.

"आहे," साधना म्हणाली.

"कुठं हाय?"

"हा काय. उभा आहे ना." तिनं न पाहता उजवीकडे हात केला.

हे खोटं होतं. एकटीदुकटी बाई दारात उभी राहून हेच खोटं बोलते, आणि समोरच्याला ते कळतं. याच्याही चेहऱ्यावर ते कळल्याचं हसू येऊ लागलं होतं. हसता हसता त्याची नजर तिच्या हाताच्या दिशेनं गेली.

हसू तिथंच राहिलं. नजर चौकटीच्या कडेला पोचली आणि वर चढू लागली. माणसाचं तोंड जिथं असतं तिथं ती थांबायला हवी होती. ती थांबली नाही. त्याची मान मागं कलत गेली, गळ्याची घाटी वर आली, आणि हातातला डबा सुटून पायरीवर आपटला.

गाडीवरच्यानं आधीच किक मारली होती.

हा उलट्या पावलांनी पायऱ्या उतरला. एक चप्पल मागं राहिली, ती घ्यायला वळला नाही. गाडी धूळ उडवत फाट्याकडे गेली. तिचा आवाज पूर्ण विरेपर्यंत साधना दारात तशीच उभी होती, हात अजून उजवीकडे केलेला.

तिनं तिकडे पाहिलं नाही. पण नजर खाली होती, आणि डोळ्याच्या कोपऱ्यात जे आलं ते आलं. तिच्या पायाशेजारी, फरशीवर, पावलाची पुढची बाजू. धुळीनं माखलेली, भेगा पडलेली, तिच्या पावलाच्या दुप्पट. बोटं बाहेरच्या बाजूला, रस्त्याकडे वळलेली.

घराकडे नाही. रस्त्याकडे. तेवढं पाहिल्यावर ती चौकटीला धरून खाली बसली.

५

संध्याकाळी जगदेवनं चप्पल काठीनं उचलून लांब फेकली. "असे लोक रिसोडकडं बी फिरून राह्यले म्हनतात. बरं झालं, घाबरून पयाले."

"कशाले घाबरले, ते इचार ना तिले," गोजराबाई बाजेवरून म्हणाली.

"कशाले?"

"मी ओरडले," साधना म्हणाली. गोजराबाईनं तिच्याकडे पाहिलं आणि पांघरूण ओढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी साधनानं तो भरलेला आवाज मोबाईलमधून पुसून टाकला आणि नवा डाव मांडला. सुरुवातीपासून, एका दमात. ती वेळ आली तेव्हा तिनं विचारलं, "वेशीवर कोण?"

"हाय."

"असेल तर मी हल्ला करत नाही," साधना म्हणाली. "माझी पाळी संपली." मग मोबाईलकडे वळून तिनं सांगितलं, की माझ्या आत्याच्या घरी वेस रिकामी आहे असं म्हणत नाहीत, म्हणून हा एक नियम आम्ही आमच्यापुरता बदलला आहे, बाकी सगळे तिला येतात. तो डाव गोजराबाईनं जिंकला. साधनाची घरं एकामागून एक पाडताना तिनं एकदाही दया दाखवली नाही.

कंपनीकडून उत्तर आलं. निवड झाली होती. खाली कुणीतरी वेगळी ओळ टाकली होती, आत्यांना नमस्कार सांगा.

"जाय तू," गोजराबाई म्हणाली. "कायले तोंड पाडून बसली?"

"तू एकटी..."

"एकटी काहून?"

बाहेर पाठ भिंतीला घासली. दोघींनीही ऐकलं. साधनानं आवाज खाली आणला. "आत्या, कोण आहे तो?"

"मले काय ठाऊक, बाई. म्या म्हटलं म्हनून उभा राह्यला. तू नाही म्हटलं तं गेला, मी जागीच होती तवा. पुन्हा आहे म्हटलं तं मुकाट्यानं परत आला. रुसला नाही, फुगला नाही. आपल्या घरातलं कोनी असतं तं चार दिवस तोंड पाह्यलं नसतं." ती हसली, मग हसू ओसरलं. "मलेही भ्याव वाटते पोरी. दुपारी डोळा लागला तं वाटते, आत डोकावला तं? पन डोकावत नाही तो."

निघायच्या दिवशी शेतावरची मंडळी नेहमीसारखी भल्या सकाळी गेली. जगदेव जाताना पोरीच्या डोक्यावर हात ठेवून गेला. साधनाची बॅग भरून झाली. आत्याच्या उशाशी पाणी, मोबाईल, पत्त्यांची गड्डी ठेवली. आत्याच्या पाया पडताना, इतकी वर्षं जे बोलायचं राहिलं होतं ते घशापर्यंत आलं. गोजराबाईनं तिच्या गालावर चापट मारली. "बस. कळलं मले. ऑटो चुकन तुहा."

तरी ती स्वयंपाकघरात गेली. ताटात ज्वारीच्या भाकरी घेतल्या, बाबा खातात त्याच्या दुप्पट. मिरचीचा ठेचा, पिठलं, एक अख्खा कांदा. तांब्या भरला. खाली पाहतच ओसरीवर आली आणि ताट दाराच्या उजव्या कोपऱ्यात ठेवलं.

धन्यवाद म्हणावं तर तो शब्द कॉलेजच्या समारंभातला वाटत होता. नमस्कार करावा तर तोंड वर करावं लागलं असतं. जगात कुणालाच सहजासहजी अहो-जाहो न करणारी साधना भिंतीकडे पाठ करून उभी राहिली आणि म्हणाली, "कामावर चालले मी. आत्या आत आहे. जेवून घ्या."

मग जड अंग खाली बसताना येतो तो लांब सुस्कारा, अगदी तिच्या पाठीमागं. किती दिवसांनी बसायला मिळालं असेल. तांब्या फरशीवरून सरकला. आणि एकाच बुक्कीत कांदा फुटल्याचा आवाज आला.

कांद्याच्या तिखट वासानं साधनाचे डोळे भरून आले. तिनं मागं पाहिलं नाही. बॅग उचलली आणि पायऱ्या उतरली.